दुसऱ्या खेळाडूचा कंट्रोलर

जुने घर रिकामे करायचे म्हणून गेल्या उन्हाळ्यात माळ्यावरचे सामान खाली काढले. पितळी डबे, पाळण्याच्या कड्या, दिवाळी अंकांचे गठ्ठे, आणि एका पुठ्ठ्याच्या खोक्यात अगदी तळाशी, स्वतःच्याच वायरीत गुंडाळलेला, तळहाताएवढा प्लॅस्टिकचा एक आयत. डाव्या बाजूला काळी फुली, उजव्या बाजूला चार गोल बटणे. एकेकाळी पांढरा असलेला तो आयत आता जुन्या हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखा पिवळा पडला होता. हा आमच्या ‘टीव्ही गेम’चा कंट्रोलर. घरी आम्ही त्याला रिमोट म्हणत असू आणि दुकानदार जॉयस्टिक म्हणे. त्याला ‘स्टिक’ म्हणजे दांडी कुठेच नव्हती, याचे तेव्हा कोणालाच काही वाटत नसे. दांडी का नव्हती, याचे उत्तर पुढे येईलच.

१९९३ साली घरी आलेला तो खेळ केव्हाच भंगारात गेला. त्याचे कंट्रोलर दोन होते. त्यांतला एकच उरला, आणि उरलेला नेमका दुसऱ्या खेळाडूचा. थोरले असल्यामुळे पहिला कंट्रोलर कायम आमच्याकडे असे. धाकट्या भावाच्या वाट्याला दुसरा, आणि त्यामुळे मारिओऐवजी कायम त्याचा हिरव्या कपड्यांतला भाऊ लुइजी. खेळात तो बहुतेक वेळा हरे आणि हरला की म्हणे, “बी लागतच नाही.” त्यावर आमचे उत्तर ठरलेले होते : “नाचता येईना, अंगण वाकडं.”

कंट्रोलरचे छायाचित्र त्याला पाठवले तेव्हा पाच मिनिटांत फोन आला. त्याने ना घराची चौकशी केली, ना सामानाची. “आधी बी लागतंय का ते बघ,” एवढेच म्हणाला.

बघायचे कसे? खेळाचे यंत्रच राहिलेले नव्हते. मग आम्ही ठरवले की कंट्रोलर उघडायचा, दुरुस्त करायचा आणि यंत्राशिवाय तपासायचा. चार रविवार त्यात गेले. दुरुस्तीचे काम तसे तासाभराचे. बाकीचा वेळ, समोर आलेली एकेक वस्तू तिथे का आहे याचा माग काढण्यात गेला.

पोटात काय निघाले

फुलीच्या टोकाच्या स्क्रूड्रायव्हरने मागचे स्क्रू काढले की दोन कवचे वेगळी होतात. आत जे असते ते एका बशीत मावेल : बटणांचे प्लॅस्टिकचे तुकडे, मऊ राखाडी रबराचे दोन पत्रे, एक छापील विद्युतपट्टी आणि तिला जोडलेली पाच तारांची केबल. रबराच्या पत्र्यांवर छोटे छोटे घुमट असतात आणि प्रत्येक घुमटाच्या आतल्या बाजूला काळी टिकली. टीव्हीचा रिमोट उघडून पाहिला असेल, तर हा प्रकार तुमच्या ओळखीचा आहे. टिकलीच्या रबरात कार्बनची पूड मिसळलेली असते, त्यामुळे ती वीज वाहून नेते. पट्टीवर तिच्या बरोबर खाली, दोन हातांची बोटे एकमेकांत अडकवावीत तशा, पण एकमेकींना न शिवणाऱ्या दोन काळ्या रेघा छापलेल्या असतात. बटण दाबले की घुमट चेपतो, टिकली दोन्ही रेघांवर टेकते आणि मंडल पूर्ण होते. बोट उचलले की रबर स्वतःच परत वर येते. स्प्रिंग नाही, धातूची पट्टी नाही.

आम्हाला बुचकळ्यात टाकले ते दुसऱ्याच गोष्टीने. पट्टीच्या मध्यभागी अशाच रेघांच्या आणखी दोन जागा छापलेल्या होत्या. त्यांच्यावर रबर नव्हते, बटण नव्हते, कवचाला भोकेही नव्हती. भावाच्या कंट्रोलरला ‘सिलेक्ट’ आणि ‘स्टार्ट’ ही दोन बटणे नव्हती, हे आठवले. खेळ सुरू करायचा हक्क पहिल्या खेळाडूचा, हेही आठवले. पण मग त्यांच्या जागा इथे कशासाठी?

माणसाच्या पाठीच्या कण्याच्या टोकाला माकडहाड असते, ते आपण वर्गात अवशिष्ट अवयव म्हणून शिकवतो. हे तसलेच प्रकरण निघाले. आमचा खेळ ही नक्कल होती. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी दिसणारे या जातीचे बहुतेक टीव्ही गेम नकलाच होते. मूळ यंत्र जपानमधल्या क्योतो शहरातले : निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी १४,८०० येनला विक्रीस आणलेला ‘फॅमिकॉम’. त्या मूळ यंत्रात दुसऱ्या खेळाडूच्या कंट्रोलरवर सिलेक्ट-स्टार्टच्या जागी एक छोटा मायक्रोफोन बसवलेला होता. नक्कल करणाऱ्यांनी मायक्रोफोनचा खर्च वाचवला, पण बटणांची उणीव जशीच्या तशी उचलली. पट्टी मात्र दोन्ही कंट्रोलरसाठी एकच छापली. क्योतोतल्या एका निर्णयाचा ठसा असा आमच्या माळ्यावर तीस वर्षे पडून होता.

बोटाचे काम यंत्राला कसे कळावे

या आयताआधीचा इतिहास फार लांबचा नाही. १८ ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेतल्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत पाहुण्यांसाठी खुला दिवस होता. विल्यम हिगिनबॉथम हे भौतिकशास्त्रज्ञ तिथल्या उपकरण विभागाचे प्रमुख. प्रदर्शनातले तक्ते पाहून लोक कंटाळतात, म्हणून त्यांनी एका अ‍ॅनालॉग संगणकाला ऑसिलोस्कोप जोडून त्याच्या पाच इंची पडद्यावर टेनिस मांडले. प्रत्येक खेळाडूच्या हातात एक डबी होती. तिच्यावर फिरवायची एक खुंटी आणि दाबायचे एक बटण. खुंटीने चेंडू कोणत्या कोनात जाणार ते ठरे आणि बटणाने टोला बसे. लोकांनी रांगा लावल्या. पुढच्या वर्षी सुधारलेली आवृत्ती मांडून झाल्यावर सुटे भाग दुसऱ्या कामांना लागणार म्हणून सगळे मोडून टाकले. प्रयोगशाळेच्या पन्नासाव्या वर्षी, १९९७ मध्ये, तो खेळ पुन्हा उभारावा लागला.

१९६२ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ तयार झाला. पहिल्यांदा तो संगणकाच्या दर्शनी फळीवरच्या खटक्यांनी खेळत. खेळणाऱ्यांची कोपरे दुखू लागली, म्हणून अ‍ॅलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स या दोघांनी विद्यार्थ्यांच्या खेळण्यातल्या रेल्वेच्या क्लबमधले भाग वापरून हातात धरायच्या पेट्या बनवल्या. कोपरांच्या दुखण्यातून जन्मलेले उपकरण म्हणून आम्हाला हे विशेष आवडते.

राल्फ बेअर यांची कथा थोडी वेगळी आहे. नाझी जर्मनीतून १९३८ साली अमेरिकेत पळून आलेला हा मुलगा पुढे अभियंता झाला. घरातल्या टीव्हीवर, नुसते पाहण्यापलीकडे, काही करता यावे, या कल्पनेवर त्यांनी सहकाऱ्यांसह काम केले. त्यातून १९६८ पर्यंत तपकिरी लाकडी दिसणारा कागद चिकटवलेली ‘ब्राऊन बॉक्स’ तयार झाली आणि तिच्यावरून १९७२ मध्ये ‘ओडिसी’ हा घरगुती खेळ बाजारात आला. त्याच्या कंट्रोलरच्या खुंट्या म्हणजे रेडिओचा आवाज कमीजास्त करायला वापरतात तसले बदलते रोध. खुंटी जितकी फिरेल तितका रोध बदलतो, आणि त्या प्रमाणात पडद्यावरचा ठिपका सरकतो. यात बोटाची हालचाल अखंड मोजली जाते. ही पद्धत सुंदर आहे, पण तिचा एक जुना शत्रू आहे. जुन्या रेडिओची आवाजाची खुंटी फिरवताना खरखर येते ना, ती आत घसरणाऱ्या संपर्काखाली धूळ बसल्यामुळे किंवा कार्बनची पट्टी झिजल्यामुळे. खेळात त्याच खरखरीचा थरकाप होतो आणि पडद्यावरची फळी जागच्या जागी कापू लागते. आजच्या महागड्या कंट्रोलरच्या दांड्या ‘आपोआप सरकतात’ अशी तक्रार मुले करतात, त्यामागेही बऱ्याचदा असाच झिजलेला रोध असतो. त्याला उपाय म्हणून चुंबक आणि हॉल परिणामावर चालणारे संवेदक वापरले जातात. एडविन हॉल यांनी तो परिणाम १८७९ साली शोधला. सेगा कंपनीने नव्वदच्या दशकातच आपल्या कंट्रोलरमध्ये तो वापरला होता.

१९७७ साली आलेल्या अटारी कंपनीच्या यंत्राबरोबर दांडीवाला कंट्रोलर मिळे. त्याने अखंड मोजणीचा नाद सोडला. दांडीखाली चार दिशांना चार खटके आणि कोपऱ्यात गोळीबाराचे पाचवे बटण. खटका एकतर लागलेला असतो, नाही तर नसतो. प्रत्येक खटक्याची एक तार आणि सर्वांची मिळून एक सामाईक तार, म्हणजे सहा तारा. हिशेब सोपा आहे, पण तो लक्षात ठेवा. आठ बटणे हवी असतील, तर या पद्धतीने नऊ तारा लागतील.

दांडी गेली, फुली आली

निन्टेन्डो ही कंपनी १८८९ साली क्योतोमध्ये फुलांच्या चित्रांचे जपानी पत्ते बनवण्यासाठी सुरू झाली. गुनपेई योकोई हा तरुण अभियंता १९६५ मध्ये तिथे पत्ते बनवणाऱ्या यंत्रांच्या देखभालीसाठी लागला. पुढे त्यांनी खेळणी केली, आणि १९८० पासून ‘गेम अँड वॉच’ हे खिशात मावणारे खेळ. त्यांत वापरलेला द्रवस्फटिक पडदा गिनतीच्या छोट्या यंत्रांमुळे, म्हणजे कॅल्क्युलेटरमुळे, स्वस्त झालेला होता. योकोई यांचे एक सूत्र होते. त्याचा आशय असा की तंत्रज्ञान मुरलेले घ्यावे, म्हणजे ज्याची नवलाई संपली आहे, दोष माहीत झाले आहेत, किंमत उतरली आहे असे. आणि ते भलत्याच ठिकाणी वापरून पाहावे.

या खिशातल्या खेळांपैकी ‘डाँकी काँग’ १९८२ साली आला. घडी घालून मिटायच्या त्या डबीत दांडी मावणार कशी? योकोई यांनी दांडी काढली आणि चार दिशांची एक सपाट फुली बसवली. वरून पाहता फुली म्हणजे चार बटणे जोडून केलेला तुकडा. खरी युक्ती खाली आहे. आमच्या कंट्रोलरमधली फुली उलटी केली की मधोमध एक उंचवटा दिसतो. फुली त्या उंचवट्यावर तराजूसारखी डोलते. डावी बाजू दाबली की उजवी आपोआप उचलली जाते. त्यामुळे डावे आणि उजवे एकदम दाबले जाऊच शकत नाही. एकाच वेळी दोन्हीकडे चालण्याचा हुकूम मिळाला तर कार्यक्रमाची पंचाईत होऊ शकते. ती शक्यता प्लॅस्टिकच्या एका टेंगळाने मिटवली आहे.

फॅमिकॉमची रचना करणारे मासायुकी उएमुरा यांनीही सुरुवातीला दांडीचाच विचार केला होता. त्यांनी अमेरिकन यंत्रांचे कंट्रोलर आणून चक्क उघडून पाहिले. (माळ्यावरची वस्तू उघडणाऱ्या आम्हाला हे वाचून बरे वाटले.) पण दांडी किती टिकेल याची त्यांना धास्ती होती. खेळ जमिनीवर बसून चालणार, कंट्रोलर जमिनीवरच पडलेला असणार आणि मुले त्याच्यावर पाय देणार. दांडी मोडेल, शिवाय पायही दुखावेल. मग एका सहकाऱ्याने गेम अँड वॉचची फुली नमुन्याला जोडून दाखवली आणि प्रश्न सुटला. आमच्या ‘जॉयस्टिक’ला दांडी नव्हती ती यामुळे. आपल्याकडेही हा खेळ सतरंजीवर बसूनच खेळला गेला, आणि आमच्या कंट्रोलरवर किती वेळा पाय पडला याची गणती नाही. फुलीला काही झालेले नाही.

उएमुरा यांची एक चूकही सांगायला हवी. पहिल्या फॅमिकॉमवरची ए आणि बी बटणे चौकोनी आणि मऊ रबराची होती. ती कडेला अडकत, दबलेलीच राहत. लवकरच त्यांच्या जागी कडक प्लॅस्टिकची गोल बटणे आली. आमच्या नकलेत गोलच होती. नक्कल करणाऱ्यांना चूक दुरुस्त झाल्यावरचा नमुना मिळाला होता.

आठ बटणे, पाच तारा

आता तारांच्या हिशेबाकडे येऊ. फॅमिकॉमच्या कंट्रोलरवर आठ बटणे : ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट आणि चार दिशा. अटारीच्या हिशेबाने तारा हव्यात नऊ, आणि केबलमध्ये आहेत पाचच. त्यांतल्या दोन विजेच्या : पाच व्होल्ट आणि शून्य व्होल्ट. म्हणजे आठ बटणांची खबर उरलेल्या तीन तारांतून जाते.

हे काम ४०२१ क्रमांकाची एक चिप करते. आरसीए कंपनीने १९६८ साली सुरू केलेल्या ४००० या मालिकेतली ही साधी चिप १९८३ पर्यंत चांगलीच मुरलेली आणि स्वस्त झालेली होती. तिचे काम वर्गात आठ विद्यार्थी उभे करून दाखवता येते. आठही जणांना एका ओळीत उभे करा. प्रत्येकाने एक बटण व्हायचे. तुम्ही शिट्टी वाजवलीत की ज्याचे बटण दाबलेले आहे त्याने हात खाली घ्यायचा, बाकीच्यांनी वर, आणि मग कोणीही हलायचे नाही. ही शिट्टी म्हणजे पहिली तार. दारापाशी उभा असलेला पहिला विद्यार्थी आपली स्थिती मोठ्याने सांगतो : “वर” किंवा “खाली”. त्याचा आवाज ही दुसरी तार. तुम्ही टाळी वाजवली की तो बाहेर पडतो, ओळ एक पाऊल पुढे सरकते आणि पुढचा बोलतो. टाळी ही तिसरी तार. शिट्टीनंतर सात टाळ्यांत आठही बटणांची स्थिती दाराबाहेरच्या माणसाला कळते. क्रम ठरलेला असल्यामुळे कोण बोलले हे सांगावे लागत नाही.

जपान-अमेरिकेच्या टीव्हीवर पडद्याचे चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा बदले, आपल्याकडच्या पद्धतीत ५० वेळा. खेळाचा कार्यक्रम साधारण प्रत्येक चित्रामागे एकदा ही शिट्टी आणि टाळ्या वाजवतो. बोटाची हालचाल यापेक्षा खूपच मंद असल्याने आपल्याला वाटते की यंत्राला बटण लगेच कळले.

आमच्या पट्टीवर ४०२१ लिहिलेली चिप नव्हती. तिच्या जागी काळ्या रेझिनचा एक थेंब होता. नकलांमध्ये सिलिकॉनचा तुकडा तसाच पट्टीवर चिकटवून वर थेंब सोडत. तेवढाच वेष्टनाचा खर्च वाचे. पण थेंबाच्या आतली चिप तीच शिट्टी आणि त्याच टाळ्या ओळखते. दुसऱ्या खेळाडूच्या कंट्रोलरमधून, नसलेल्या सिलेक्ट आणि स्टार्टची खबरसुद्धा इमानेइतबारे जाते : दाबलेले नाही, दाबलेले नाही.

बी

आता बी. सोल्डर न काढता पट्टीला बाहेरून पाच व्होल्ट दिले. प्रत्येक बटणाची रेघ चिपच्या बाजूने एका रोधातून पाच व्होल्टला जोडलेली असते आणि बटण दाबले की ती शून्याकडे ओढली जाते. हा रोध मोजायला बीच्या दोन रेघांमध्ये मिलिअँपिअरमीटर लावला. ०.१२ मिलिअँपिअर भरले. पाच भागिले तेवढे, म्हणजे सुमारे ४२ हजार ओहम.

मग वीज काढून टिकल्यांचा रोध मोजला. ए आणि दिशांच्या टिकल्या दोनशे ते चारशे ओहमच्या दरम्यान निघाल्या. बीची टिकली हलके दाबली तर सुमारे ५० हजार आणि अंगठ्याने जोर लावला तर २० हजार. आता ओहमचा नियम लावून पाहा. हलके दाबल्यावर रेघेवर उरणारे विभवांतर ५ गुणिले ५० भागिले ९२, म्हणजे २.७ व्होल्ट. जोर लावल्यावर १.६ व्होल्ट. या जातीच्या चिपा पाच व्होल्टवर चालत असताना १.५ व्होल्टच्या खाली असेल ते ‘शून्य’ आणि ३.५ च्या वर असेल ते ‘एक’ समजण्याची हमी देतात. मधल्या पट्ट्यात कसलीच हमी नाही. प्रत्यक्षात निवाडा बहुधा अडीचच्या आसपास होतो. म्हणजे भावाचे बी हलक्या हाताला दाद देत नव्हते, आणि जीव खाऊन दाबले तर लागत होते. “बी लागतच नाही” हे अगदी अचूक विधान नव्हते, पण आमच्या म्हणीपेक्षा सत्याच्या बरेच जवळ होते.

कारण काय असावे? झीज, असा आमचा पहिला अंदाज. सुपर मारिओत धावायला आणि आगीचे गोळे फेकायला बी, कॉन्ट्रात गोळ्या झाडायला बी. सगळ्यांत जास्त छळ त्याचाच. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून टिकली आणि रेघा पुसल्या. अशा दुरुस्तीत पहिली पायरी हीच. रोध तसूभरही कमी झाला नाही. मग आम्ही एक मूर्खपणा केला. रेघांवर मळ असेल म्हणून बारीक पॉलिशपेपर फिरवला. दोन-चार फटक्यांत काळा थर जाऊन तांबे उघडे पडले. तो काळा थर मळ नसतो, तो कार्बनचा मुद्दाम दिलेला लेप असतो. तांबे हवेत गंजते, लेप गंजत नाही, म्हणून तो दिलेला. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना रोज ‘आधी पाहा, मग हात लावा’ असे सांगणाऱ्यांनी हे करावे याची लाज वाटली. सुदैवाने फटके कडेला बसले होते, बरीचशी रेघ शाबूत राहिली. उघड्या तांब्यावर मऊ पेन्सिलीचे शिसे घासून तात्पुरती डागडुजी केली.

त्यानंतर भिंग घेतले, जे आधी घ्यायला हवे होते. बीची टिकली झिजलेली नव्हतीच. कडा एच्या टिकलीपेक्षा धारदार होत्या. तिच्यावर तपकिरी, काचेसारखा चकाकणारा एक पातळ थर होता, आणि त्याचा ओघळ रबरावरून बटणाच्या भोकाकडे गेलेला होता. नखाने तो तुटत होता, अल्कोहोलने विरघळत नव्हता. साखर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही, हे आम्हाला ठाऊक होते, फक्त वेळेवर आठवले नाही. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस टिकलीवर पाच मिनिटे ठेवला. तो फिकट लालसर झाला. पत्रा पाण्याने धुऊन दिवसभर सावलीत वाळवला आणि पुन्हा मोजले : ३१० ओहम.

केबलचा दोष किरकोळ होता. कवचात शिरते तिथे वारंवार वाकून टाळीची तार आतून तुटली होती. तो तुकडा कापून नवीन सोल्डर केले. ज्यांच्याकडे सोल्डरिंगची सोय नाही त्यांनी शाळेजवळच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला गाठावे. आपल्याकडे या मंडळींनी रिमोटच्या झिजलेल्या टिकलीवर चॉकलेटचा चंदेरी कागद चिकटवून दिलेला आम्ही पाहिला आहे. तीही विद्युतवाहकाची उत्तम समजच आहे.

पिवळेपणाचे काय करायचे, यावर मात्र घरात वाद झाला. कवच एबीएस प्लॅस्टिकचे, म्हणजे अ‍ॅक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरिन यांचे. अतिनील किरण, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यामुळे मुख्यतः ब्युटाडाइनचा भाग बदलत जातो आणि पिवळा रंग धरतो. आग लागू नये म्हणून अशा प्लॅस्टिकमध्ये बऱ्याचदा ब्रोमीनची संयुगे मिसळत, त्यांचाही हात असतो. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवले की रंग परत उजळतो, ही युक्ती २००८ च्या सुमारास हौशी लोकांनी शोधली. ती चालते, पण काही वर्षांनी पिवळेपणा परतल्याचेही अनेकांनी पाहिले आहे. शिवाय त्यासाठी लागणारे तीव्र पेरॉक्साइड त्वचा भाजते. हातमोजे आणि चष्म्याशिवाय, आणि मुलांच्या हाती, ते देऊ नये. आमच्या कवचावर उजव्या खालच्या कोपऱ्यात, अंगठ्याचा तळ टेकतो तिथे, प्लॅस्टिक घासून गुळगुळीत झाले आहे. मुलांना पांढराशुभ्र कंट्रोलर हवा होता. आम्ही साबणाच्या पाण्याने धुतला आणि पिवळाच ठेवला.

शेवटी तपासणी. आता बऱ्याच शाळांत आर्डुइनोची पट्टी असते, तशी एक आमच्याकडे होती. तिच्यात दहा-बारा ओळींचा कार्यक्रम लिहिला : शिट्टी, वाचन, टाळी, वाचन, आणि असेच आठ वेळा. संगणकाच्या पडद्यावर आठ आकड्यांची ओळ उमटू लागली. काहीही दाबले नाही तर आठ वेळा एक. ए दाबले की पहिल्या जागी शून्य. फुली डावीकडे कलली की सातव्या जागी. तिसरी आणि चौथी जागा, नसलेल्या बटणांच्या, कायम एकच दाखवत राहिल्या. आणि बीला नुसते बोट टेकवले की दुसऱ्या जागी शून्य.

दिवाळीत भाऊ आला. कंट्रोलर हातात घेऊन त्याने दहा मिनिटे बी दाबले आणि पडद्यावरचे शून्य पाहत बसला. मग त्याने विचारले, “तो थर कसला होता?”

१९९४ च्या उन्हाळ्यातला एक दुपारचा प्रसंग आम्हाला त्या लालसर कापसाकडे पाहतानाच आठवला होता. आई आतल्या खोलीत, भाऊ शेजारी खेळायला गेलेला, सतरंजीवर दोन्ही कंट्रोलर आणि आमच्या हातात कोकम सरबताचा पेला. सांडले ते त्याच्या कंट्रोलरवर. वरून फडक्याने पुसले आणि कोणालाच काही सांगितले नाही. ते आता त्याला सांगितले.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आणि तुझ्या कंट्रोलरचा बी किती ओहम असेल?” ते मोजता आले असते तर आम्हालाही हवे होते. दोन्ही टिकल्या शेजारी ठेवल्याशिवाय साखरेचा वाटा किती आणि हाताचा किती, हे वेगळे काढता येत नाही. पण पहिला कंट्रोलर यंत्राबरोबर भंगारात गेला. दुसरा आता त्याच्या घरी आहे.